हिरव्या खुणेनंतरचं पान

"मग ते अर्धं पान कोरं सोडण्यात शहाणपण काय होतं, मास्तर? एवढं तरी सांगा."

हमीद मास्तरांनी मान वर केली नाही. त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत खळीनं माखले होते. पुढ्यात पाटावर कुणाचं तरी जाडजूड पुस्तक पालथं पडलं होतं, आणि त्याच्या उसवलेल्या पाठीला मास्तर कापडाची पट्टी डकवत होते.

"कुठलं पान?"

"तुम्हाला चांगलं माहीत आहे कुठलं."

"म्हातारा झालो, पोरी. पानं पुष्कळ झाली."

सुमेधानं ओठ घट्ट मिटून घेतले. हे यांचं असंच. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं म्हणजे जिवावर येतं यांच्या.

सुमेधा कुरणे सांगलीच्या एका कारखान्यात होती. तो कारखाना विद्युतदाहिन्या बनवायचा. स्मशानात असतात त्या. दाहिनी चालवणारं सॉफ्टवेअरही तिथलंच, आणि ते कसं चालवायचं हे सांगणारी छापील पुस्तिकाही तिथलीच. पुस्तिकांचं सगळं खातं आता सुमेधाच्या हाती होतं. त्या खुर्चीत तिच्याआधी हमीद मास्तर बसायचे.

मास्तर मुळात छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे. खिळे मोडीत निघाले, छापखाने बसले, तसा हा माणूस उतारवयाकडे झुकताना संगणकापुढे जाऊन बसला आणि कुणाला न विचारता शिकला. मग कारखान्याच्या एकूण एक यंत्राची पुस्तिका त्यांनीच लिहिली, त्यांनीच मांडली. सुमेधा त्यांच्याच हाताखाली तयार झाली. पण इतक्या वर्षांत त्यांनी तिला एकदाही 'छान' म्हटलं नव्हतं. निवृत्त व्हायच्या दिवशी सगळे हारतुरे आटोपल्यावर त्यांनी तिला जवळ बोलावलं. ती डोळे भरून उभी राहिली. तर म्हणाले, "टेबलाचा खालचा खण अडकतो. जोरात ओढावा लागतो."

आता ते मिरजेत एका खोलीत एकटे राहत. बीबी जाऊन बरीच वर्षं झाली होती. लोक फाटकी पुस्तकं आणून देत, मास्तर ती सांधून देत. पोथी असो, कुराण असो, शाळेतला नकाशा असो, खळ सगळ्यांना तीच. उंबऱ्यापाशी चपलांचा एकच जोड असायचा. आज शेजारी सुमेधाचा होता.

"मालकांनी सांगितलंय, मास्तरांची नजर फिरल्याशिवाय छापायला द्यायचं नाही," सुमेधा म्हणाली. "छापखाना वाट बघतोय. चार नव्या गावांत दाहिन्या बसतायत. आजच द्यायचंय."

"मग कुणाच्या हाती पाठवून द्यायचं होतंस. एवढ्या उन्हाची कशाला आलीस?"

कशाला आली होती ते तिला ठाऊक होतं, आणि त्या खट म्हाताऱ्यालाही ठाऊक होतं. तो एक शब्द ऐकायला आली होती.

"दाखव," मास्तर म्हणाले. "पण हात हे असे. तू धर, तूच उलट. मी 'हं' म्हटलं की उलटायचं."

ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि पुस्तिका त्यांच्या डोळ्यांपुढे उघडून धरली.

"हं."

उलटलं.

"हं."

उलटलं.

आता काम म्हणाल तर पोरीनं काम केलं होतं. उगाच नाव ठेवण्यात अर्थ नाही. जुन्या पुस्तिकेत कुठं मथळाच पानाच्या तळाशी राहायचा आणि मजकूर पलीकडे जायचा. कुठं परिच्छेदाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानाच्या माथ्यावर जाऊन बसायची, चुकून दुसऱ्याच्या लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखी. कुठं तक्ता मधोमध तुटायचा. सुमेधानं एकेक वाक्य हातात घेतलं होतं. 'करण्यात यावे'चं 'करा' केलं, 'सदरहू' हाकलून दिलं, शब्द काढले, शब्द बदलले, आणि सगळी पानं अशी बसवली की जिथं गोष्ट संपते तिथंच पान संपतं.

"ही ओळ पूर्वी एकटी पडायची," मास्तर म्हणाले.

"पडायची. दोन शब्द उडवले, वर सरकली."

"कोणते?"

"'कृपया' आणि 'सावकाश'."

"'सावकाश' का?"

"'कळ सावकाश दाबा' असं होतं. सावकाश दाबली काय नि जोरात दाबली काय, सॉफ्टवेअरला कुठं कळतं?"

"सॉफ्टवेअरला नाही कळत," मास्तर म्हणाले. "खरं आहे... हं."

उलटलं.

"आणि ते पडदा कोरड्या फडक्यानं पुसायचं? तीच सूचना तुम्ही दोनदा लिहिली होती, मास्तर. एक काढली."

"तीनदा होती. एक तुझ्या नजरेतून सुटली."

सुमेधाला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. "कागदही पातळ घेतलाय या वेळी. पुस्तिका हलकी होते, पान चटकन उलटतं."

"चटकन?"

"अगदी बोट लावलं की."

"हं."

तिनं उलटलं. आणि ते पान आलं.

सुमेधानं पुस्तिका जरा पुढं सरकवली.

"हेच ते," सुमेधा म्हणाली. "आता बघा कसं झालंय. जुन्या पुस्तिकेत काय होतं? 'ट्रॉली दारासमोरच्या रुळावर आणा. पडद्यावर हिरवी खूण उमटेल.' संपलं! खाली अर्धं पान कोरं. मग पान उलटायचं, तेव्हा पुढे, 'दार उघडा. ट्रॉली आत सोडा.' एकच कृती आणि मधोमध तोडलेली. मी वरची चार वाक्यं आवळली, दोन्ही सूचना एका पानावर आणल्या. खूण उमटली, दार उघडा. एका नजरेत."

मास्तर पानाकडे बघत राहिले.

"आणि हा नियम मला शिकवला कुणी? तुम्ही! 'पान संपलं तर संपू दे, कृती तोडायची नाही.' रोज कानीकपाळी ओरडायचात. आणि स्वतः मात्र..."

"एकदाच तोडली."

"का?"

मास्तरांनी पट्टीची कड अंगठ्यानं दाबली. खळ बाजूनं बाहेर आली, ती बोटानं निपटली.

"जे दाहिनी चालवतात, त्यांना तर हे आठवड्यात पाठ होतं," ते म्हणाले. "मग पान कसंही असलं तर बिघडलं कुठं?"

"पाठ असलं तरी पुस्तिका समोर उघडी ठेवून, एकेक सूचना बघूनच चालवायचं, हा कारखान्याचा दंडक आहे. तोही तुमचाच. आणि ते पाळतात. मी बघितलंय ना डोळ्यांनी!"

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून जरा मोठ्यानंच निघालं.

मास्तरांचा हात थांबला.

"कधी बघितलंस?"

"अप्पांच्या वेळी."

खोलीत पंखा फिरत होता. त्याचं एक पातं कुरकुरायचं.

"अप्पा गेले?" मास्तर म्हणाले.

"मागच्या वर्षी. दिवाळीनंतर."

"कळवलं नाहीस."

"कुणालाच नाही कळवलं."

कुणाला कळवणार? आई आधीच गेलेली. भाऊ नाही, बहीण नाही. चुलते होते ते अप्पांशी बोलत नव्हते. शेजारचे दोघं गाडीपर्यंत आले, फाटकाशी हात जोडले आणि कामाला गेले. त्यांची तरी काय चूक, दिवस कामाचा होता. आत स्मशानातल्या मोठ्या पत्र्याखाली सुमेधा एकटी उभी होती. ट्रॉलीवर अप्पा. आणि दाहिनीच्या कळांपाशी एक माणूस, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला.

तिनं हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगायला लागली तर थांबेना.

"आपलीच दाहिनी होती, मास्तर. आपलंच सॉफ्टवेअर. ट्रॉली दारासमोर आली. हिरवी खूण उमटली, मला दिसली. आणि तो माणूस... त्यानं चष्मा लावला. पुस्तिकेत बघितलं. बोट जिभेला लावलं. पान सापडेना त्याला! माझे अप्पा समोर पडलेत आणि हा पान शोधतोय. साधी एक कळ दाबायची तर पुस्तक बघावं लागतं? अंगाचा तिळपापड झाला माझ्या. तिथंच ठरवलं, या दोन्ही सूचना एका पानावर आणीन. माझ्यावर जे आलं ते दुसऱ्या कुणावर येऊ देणार नाही. वर्षभर याच एका पानासाठी..."

तिचा आवाज फुटला. तिला त्याचाही राग आला.

मास्तरांनी विचारलं, "किती वेळ लागला त्याला?"

"पान उलटायला लागतो तेवढा."

"तेवढ्यात तू काय करत होतीस?"

"मी काय करणार? उभी होते."

"नुसती?"

"नुसती."

मास्तर पुन्हा पानाकडे बघू लागले.

सुमेधानं पुस्तिका तशीच धरून ठेवली होती. मास्तर 'हं' म्हणतील आणि ती उलटेल. मास्तर 'हं' म्हणेनात. तिचे दंड भरून आले. पुढचं पान तिनं बोटांत अर्धं उचलून धरलं होतं, ते पंख्याच्या वाऱ्यानं थरथरत होतं.

पंखा कुरकुरत होता...

"चादर," सुमेधा म्हणाली.

"काय?"

"डाव्या पायावरची चादर सरकली होती. तळवा उघडा पडला होता." ती सावकाश बोलत होती, लांबची पाटी वाचल्यासारखी. "अप्पांना पाय उघडा राहिलेला चालायचा नाही. ऐन उन्हाळ्यात मोजे घालून झोपायचे. मी त्यांना हसायचे... मी पुढं गेले. चादर ओढून खाली नीट खोचली."

"मग?"

"मग पायाला हात लावला. गार होता."

"मग?"

"मग..."

घरातून निघताना रोज सकाळी दारातून ओरडायची ती. अप्पा आत पेपर वाचत असायचे, वर बघायचेसुद्धा नाहीत, नुसता पेपर जरा खाली करायचे. तेच आलं होतं तोंडात. दुसरं काही सुचलंच नव्हतं.

"'येते हं, अप्पा,' मी म्हणाले."

मास्तरांनी मान हलवली. 'हं' म्हणाले नाहीत.

"आणि तोवर त्यानं पान उलटलेलं होतं?" त्यांनी विचारलं.

"उलटलं होतं कधीच..." सुमेधा बोलता बोलता थांबली. "नाही."

"नाही?"

"नाही. पान त्याला सापडलं होतं. त्यानं उचललं होतं. असं... हातात धरून उभा होता. उलटत नव्हता. चष्म्यावरून माझ्याकडे बघत होता. मी मागं सरले, तेव्हा..."

तिची नजर खाली गेली. पुढचं पान तिच्या स्वतःच्या बोटांत अर्धं उचललेलं होतं.

ती कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत राहिली. हात आपला नसल्यासारखी.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"त्याला कुणी सांगितलं होतं, थांब म्हणून?" तिनं विचारलं.

"कुणी नाही."

"तुम्ही कुठं लिहिलं होतं? पुस्तिकेत तर एक अक्षर नाही."

"लिहिलं असतं तर तो घड्याळ लावून थांबला असता."

मास्तरांनी पुस्तकाला दोरी गुंडाळायला घेतली. एक वेढा, दुसरा वेढा.

"आमच्यात माती द्यायला एकेक जण पुढं येतो," ते दोरीकडे बघत म्हणाले. "तीन-तीन ओंजळी. म्हातारी माणसं, गुडघे धरलेली, वाकायलाच वेळ लावतात. बीबीच्या वेळी मी तीन टाकल्या. चौथी भरून घेतली होती, का कोण जाणे. ती हातात तशीच राहिली. उभा राहिलो. कुणी घाई केली नाही..."

वेढा सैल पडला होता, तो त्यांनी सोडून पुन्हा घातला.

"तुमच्या त्या दाराला वाकावं लागत नाही. कळ दाबली की झालं."

सुमेधानं पुस्तिका मांडीवर ठेवली. पिशवीतून पेन्सिल काढली. 'हिरवी खूण उमटेल' याच्या खाली तिनं एक आडवी रेघ मारली. ती जरा वाकडी गेली. मग 'दार उघडा'च्या भोवती गोल करून बाण पुढच्या पानाकडे नेला. वर्षभर बसवलेलं पान एका रेघेत मोडलं. दुसरी कुणी असती तर रडली असती. ही नाही रडली. हिनं नाक ओढलं आणि भांडायलाच उठली.

"पण मालक विचारणार, अर्धं पान फुकट का घालवलं म्हणून. त्यांना काय सांगू? निदान 'हा भाग मुद्दाम कोरा सोडला आहे' असं तरी लिहिते तिथं."

"नको."

"एक ओळ, बारीक अक्षरात."

"वाचायला दिलंस तर कळ दाबणारा वाचत बसेल. मान खाली जाईल त्याची."

तिनं पेन्सिल पानावरून उचलून घेतली.

मग एकाएकी तिच्या लक्षात काहीतरी आलं. तिनं मागची पानं भराभर चाळली, पुन्हा पुढची चाळली, मग डावं-उजवं पुटपुटत बोटांवर काहीतरी मांडलं.

"मास्तर, घोटाळा झाला. हे आता डाव्या पानावर पडतंय."

"पडणारच."

"डाव्या पानावर संपलं तर पुढचं समोरच दिसणार, उजव्या हाताला. नजर नुसती पलीकडे जाईल. पान उलटावंच लागणार नाही!"

"नाहीच लागणार."

"वरती मजकूर आवळला म्हणून. काही ओळी परत घातल्या पाहिजेत. पण कुठल्या? सगळं नेमकं बसवलंय मी. घालायला काही उरलेलंच..." ती थांबली. डोळे बारीक करून तिनं म्हाताऱ्याकडे पाहिलं. "ते फडकं! म्हणून तीनदा होतं ते?"

"पडदाही स्वच्छ राहतो," मास्तर म्हणाले.

आता मात्र तिला हसू आवरलं नाही. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं मनगटानं पुसलं आणि मागं जाऊन समासात लिहिलं, 'पडदा कोरड्या फडक्याने पुसा.' आणखी दोन पानं मागं गेली. 'कळ दाबा'च्या मध्ये खूण करून वर एक शब्द लिहिला. सावकाश.

ओळ पुन्हा एकटी पडणार होती, पुढच्या पानाच्या माथ्यावर. ती थोडा वेळ त्या ओळीकडे बघत राहिली, मग पान मिटलं.

ऊन भिंतीवरून खाली सरकलं होतं. मास्तरांनी बांधलेलं पुस्तक पाटाच्या कडेला सरकवून ठेवलं. त्यावर वजन म्हणून विटेचा तुकडा ठेवला. ती अजून बसलीच होती. तो एक शब्द अजून आला नव्हता, आणि आता येणारही नाही हे तिला कळून चुकलं होतं. तरी उठवेना.

"जेवलात का, मास्तर?"

"जेवेन."

"एकटेच?"

"पंखा आहे."

ती उठली. पुस्तिका पिशवीत घालायला वाकली, तसा मास्तरांनी हात पुढे केला. खळीचा, ओला हात. नको नको म्हणेपर्यंत त्यांनी हिरव्या खुणेच्या पानाचा कोपरा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरला, आणि छापखान्यातली जुनी माणसं धरतात तसा चोळून बघितला. अंगठा पानावर उमटला, ओला, गोल, रेघांसकट.

उंबऱ्याबाहेर जाऊन सुमेधानं चपला घातल्या. वळली. रोजच्या सवयीनं तोंडात जे यायचं तेच आलं.

"येते..."

ती दारात तशीच उभी राहिली, एक हात चौकटीवर ठेवून.

मास्तरांनी घाई केली नाही. खळीचे हात गुडघ्यांवर उपडे ठेवून ते तिच्याकडे बघत बसले. त्यांनी आज पहिल्यांदाच मान वर केली होती.

"...हं, मास्तर."

"ये," मास्तर म्हणाले. "आणि कागद मात्र जाड घे, पोरी."